फुटेजमधला माणूस हाच का? चेहऱ्यांच्या तुलनेबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मी सांगलीत, विश्रामबागेत राहते. फौजदारी प्रकरणांतले फोटो आणि सीसीटीव्ही फुटेज तपासून त्यातल्या चेहऱ्यांची तुलना करणं हे माझं काम. गणपती पेठेतले व्यापारी, सातारा-कराडकडचे वकील, पोलीस ठाण्यातले तपास अंमलदार आणि कधी कधी संशयित पोराची आई, अशी सगळी माणसं येतात. प्रश्न बहुतेक तेच असतात आणि फोनवर दहा मिनिटांत उत्तर पुरं होत नाही, म्हणून इथे सविस्तर लिहिलंय. जी उदाहरणं दिली आहेत त्यांतले तपशील बदललेले आहेत.

चेहऱ्यांची तुलना म्हणजे नेमकं काय करता?

आमच्यासमोर दोन प्रकारच्या प्रतिमा असतात. एक वादातली, म्हणजे घटनेच्या वेळच्या फुटेजमधली. दुसरी ज्ञात, म्हणजे जिच्यातला माणूस कोण याबद्दल वाद नाही अशी. दोन्हींत एकच व्यक्ती आहे या म्हणण्याला प्रतिमांमधून किती आधार मिळतो, एवढंच आम्ही तपासतो. चोरी कुणी केली हे आम्ही ठरवत नाही.

कामाचे टप्पे चार: पृथक्करण, तुलना, मूल्यमापन आणि पडताळणी. पृथक्करणात फक्त वादातली प्रतिमा समोर ठेवायची आणि तिच्यात काय दिसतं, काय दिसत नाही ते लिहून काढायचं. ज्ञात फोटो तोवर पाकिटातून काढायचासुद्धा नाही. एकदा संशयिताचा स्वच्छ फोटो पाहिला, की अंधुक फुटेजमध्ये डोळ्यांना तोच दिसायला लागतो. त्यानंतर तुलना, मग दिसलेल्या साम्यांचं आणि फरकांचं वजन करायचं आणि शेवटी दुसऱ्या परीक्षकाने माझा निष्कर्ष न बघता तीच तपासणी स्वतंत्रपणे करायची. या शेवटच्या टप्प्याला वेळ नाही म्हणून तो गाळा, असं मला अनेकदा सुचवलं गेलंय. मी तो गाळत नाही.

दोन फोटो शेजारी ठेवले की कळतंच की! आम्ही तर माणूस पाठमोरा चालला तरी ओळखतो.

ओळखीचा माणूस असेल तर तुमचं म्हणणं शंभर टक्के खरं आहे. सख्ख्या भावाला तुम्ही इर्विन पुलाच्या पलीकडूनही नुसत्या चालीवरून ओळखाल. पण ओळखीचा चेहरा ओळखणं आणि दोन अनोळखी चेहरे एकाच माणसाचे आहेत का ते ठरवणं, ही मेंदूची दोन वेगळी कामं आहेत. पहिल्यात आपण पटाईत असतो. दुसऱ्यात आपण कच्चे असतो आणि कच्चे आहोत हे आपल्याला जाणवतही नाही.

१९९९ साली ब्रिटनमध्ये दोन प्रयोग झाले. एकात लोकांना चांगल्या दर्जाच्या व्हिडिओतला एक चेहरा आणि त्यासोबत दहा फोटो दिले. घाई नाही, प्रतिमा धूसर नाही, तरी बरोबर उत्तरं आली साधारण ७० टक्के. दुसऱ्यात विद्यापीठातल्या प्राध्यापकांचं अगदी खराब फुटेज दाखवलं. त्यांच्या वर्गात बसलेल्या विद्यार्थ्यांनी ते सहज ओळखले. त्यांना कधीच न पाहिलेल्या विद्यार्थ्यांची मात्र भंबेरी उडाली आणि अनुभवी पोलीस अधिकारीही त्या अनोळखी विद्यार्थ्यांइतकेच चुकले. पुढे २०१४ साली ऑस्ट्रेलियात पासपोर्ट अधिकाऱ्यांची चाचणी झाली. समोर उभा माणूस एक आणि फोटो दुसऱ्याचा, तरी सुमारे १४ टक्के वेळा त्यांनी तो मान्य केला. नोकरीच्या वर्षांचा आणि अचूकतेचा काही संबंध आढळला नाही. वीस वर्षं खिडकीवर बसलेलाही नव्या माणसाइतकाच चुकत होता. त्यामुळे 'माझी नजर तयार आहे' असं कुणी म्हटलं, की ती नजर कुठल्या चाचणीत तपासली गेलीय हे मी आधी विचारते.

माझी स्वतःची एक चूक इथे सांगायला हवी. शिकत असताना सरावासाठी मिळालेले दोन फोटो मी 'एकच व्यक्ती' असे नोंदवले. कपाळ, भुवयांची ठेवण, नाकाचा बांधा, हनुवटीवरची खळी, सगळं जुळत होतं. ते दोघे सख्खे भाऊ निघाले. मनाला लागलं ते पुढचं: फरक मला दिसला होता. एकाच्या कानाची पाळी गालाला चिकटलेली, दुसऱ्याची सुटी लोंबती. मी समासात पेन्सिलीने 'कोनामुळे असावं' असं लिहून पुढे सरकले होते. कोनामुळे सुटी पाळी चिकटलेली दिसू शकते का, हे दोन्ही कोनांतून फोटो काढून पाहायला दहा मिनिटं लागली असती. ती मी दिली नाहीत. आता फरकाला कारण द्यायचं तर ते आधी करून बघायचं, हा माझा नियम आहे. ज्या फरकाचं कारण तपासून सापडत नाही, त्या एका फरकापुढे दहा साम्यं मी बाजूला ठेवते.

डोळ्यांतलं अंतर, नाकाची लांबी अशी मोजमापं घेतली तर चूक होणारच नाही ना?

हा प्रश्न वकील हमखास विचारतात, कारण आकडा कोर्टात भारदस्त वाटतो. पॅरिसमध्ये आल्फोन्स बर्तियों याने १८७९ च्या सुमारास माणसाच्या शरीराची मापं घेऊन गुन्हेगार ओळखायची पद्धत सुरू केली. समोरून आणि बाजूने फोटो काढायची आजची रीतही त्याचीच. पण ती मापं जिवंत माणसाच्या अंगावर, लोखंडी साधनाने घेतलेली असत. तरीही ती पद्धत मागे पडली आणि बोटांचे ठसे आले. ठशांचं कार्यालय १८९७ साली कलकत्त्यात सुरू झालं. तिथे अझिझुल हक आणि हेमचंद्र बोस यांनी ठशांच्या वर्गीकरणावर केलेलं काम जगाला उपयोगी पडलं.

फोटोवरून माप घेणं तर त्याहून बेभरवशाचं. चेहरा कॅमेऱ्याच्या जितका जवळ, तितकं नाक फुगतं आणि कान मागे ओढल्यासारखे दिसतात. दुकानातला कॅमेरा दहा-बारा फुटांवरून खाली बघतो, त्यामुळे कपाळ मोठं दिसतं, हनुवटी आखडते आणि डोळ्यांच्या मानाने कान वर सरकतात. मान जराशी वळली की दोन डोळ्यांतलं अंतर कमी भरतं. त्यात जुन्या डीव्हीआरचं, म्हणजे कॅमेऱ्याचं रेकॉर्डिंग साठवणाऱ्या यंत्राचं, चित्र रुंद टीव्हीवर ताणून दाखवतात, म्हणजे लांबट चेहऱ्याचा माणूस गोल होऊन बसतो. चेहऱ्यांच्या तुलनेची मार्गदर्शक तत्त्वं ठरवणाऱ्या आंतरराष्ट्रीय गटांनी याच कारणांसाठी फोटोवरच्या मोजमापांवर निष्कर्ष काढू नका असं स्पष्ट म्हटलंय. एका चेहऱ्यावर दुसरा चेहरा पारदर्शक करून ठेवायची पद्धतही एकटी वापरायची नाही. पडद्यावर एक चित्र विरत जाऊन दुसरं उमटतं तेव्हा कोणाचेही दोन चेहरे एकमेकांत मुरल्यासारखे वाटतात.

मग बघता तरी काय?

अवयवांची ठेवण, आकार आणि खुणा. चेहऱ्याचा एकूण घाट, केसांची रेषा, कपाळ, भुवया, डोळे, गाल, नाक, कान, जिवणी, हनुवटी, जबड्याची कड, मान, सुरकुत्या, व्रण, तीळ, गोंदण अशी यादी असते आणि प्रत्येक ओळीपुढे काहीतरी लिहावंच लागतं. 'दिसत नाही' हेही लिहायचं. कोरी जागा ठेवायची नाही.

कानाबद्दल मात्र थोडं जास्त सांगते, कारण लोक चेहऱ्यात कान धरतच नाहीत. एका सराफी दुकानातल्या चोरीचं फुटेज होतं. त्या माणसाने टोपी भुवयांपर्यंत ओढलेली, तोंडावर रुमाल. मालक म्हणाले, यात काय बघणार? बांगड्यांच्या ट्रेकडे वाकताना तो सव्वा सेकंद डावीकडे वळला होता. तेवढ्यात तीसेक फ्रेम मिळाल्या आणि त्यातल्या अकरांत उजवा कान स्वच्छ होता. वरची कडा आतल्या बाजूला वळलेली, पण मध्येच एका जागी सपाट झालेली, दाबल्यासारखी. त्या सपाट जागेच्या मागच्या कडेला बारीक गाठ. कानाच्या भोकापुढचा उंचवटा रुंद. पाळी छोटी आणि तिरकी चिकटलेली. अकराही फ्रेममध्ये गाठ त्याच जागी होती, उजेड बदलला तरी हलली नाही. मग संशयिताचा फोटो उघडला. त्याच्या कानाची वरची कडा अखंड गोल, गाठ नाही, पाळी सुटी. पोलिसांनी आणलेला तो मुलगा त्या फुटेजमधला असू शकत नाही, असा अहवाल गेला. एवढं काम त्या सव्वा सेकंदाने केलं.

कान म्हणजे बोटाचा ठसा नव्हे, हेही सांगून ठेवते. एकट्या कानावर कुणाला दोषी धरायला माझी तयारी नाही. वगळायला मात्र तो फार उपयोगी.

तीळ जुळला तर झालं ना?

आधी तो तीळच आहे का ते बघावं लागतं. फुटेज साठवताना चित्र चौकोनी ठोकळ्यांत दाबलं जातं. त्यात खरा तीळ नाहीसा होऊ शकतो आणि नसलेला काळा ठिपका उमटू शकतो. एकाच फ्रेममध्ये दिसला तर मी तो धरत नाही. मान वळल्यावर ठिपका चेहऱ्यासोबत सरकला, सलग अनेक फ्रेममध्ये टिकला, तरच तो त्वचेवरचा म्हणायचा. रात्रीच्या इन्फ्रारेड चित्रात, म्हणजे डोळ्यांना न दिसणाऱ्या उजेडात कॅमेऱ्याने टिपलेल्या चित्रात, तीळ फिके पडतात, म्हणून तिथे तीळ न दिसणं हा फरक मानता येत नाही. तसंच कपड्यांचं. इन्फ्रारेडमध्ये काळा शर्ट पांढुरका दिसू शकतो, ही गोष्ट तपासात फार वेळा विसरली जाते.

व्रणाचं वजन तिळापेक्षा जास्त, कारण त्याचा आकार, लांबी आणि दिशा सहसा दुसऱ्याच्या चेहऱ्यावर तशीच्या तशी येत नाही. गालावरच्या खळीचं वजन कमी, कारण ती आपल्याकडे घरटी एक सापडते.

संगणकाने ९२ टक्के जुळतंय असं दाखवलंय. आता परीक्षकाची गरज काय?

इथे दोन वेगळी कामं एकत्र गुंफली जातात. साताऱ्याकडे घरोघरी माजी सैनिक आहेत. अपशिंगे गावाचं तर नावच 'मिलिटरी' लावून घेतात. त्या घरांतल्या आजोबांनी हयातीचा दाखला मोबाईलवर चेहरा दाखवून दिलेला असतो. ही सोय नोव्हेंबर २०२१ पासून आहे. तिथे यंत्राला प्रश्न एकच असतो: समोरचा चेहरा या एका नोंदलेल्या चेहऱ्याशी जुळतो का? आजोबा स्वतः हजर असतात, उजेडात बसतात, कॅमेऱ्याकडे बघतात, जमलं नाही तर पुन्हा प्रयत्न करतात.

तपासात यंत्राला विचारतात: हा अंधुक चेहरा लाखो चेहऱ्यांपैकी कुणाशी जुळतो? यंत्र उमेदवारांची यादी देतं. खरा माणूस त्या साठ्यात नसला तरी यादी येतेच आणि तिच्यात पहिल्या नंबरावर कुणीतरी असतोच. साठा जितका मोठा, तितका हुबेहूब दिसणारा परका माणूस सापडायची शक्यता जास्त. ते ९२ म्हणजे 'हाच असण्याची शक्यता ९२ टक्के' असं मुळीच नाही. तो त्या प्रणालीचा आतला गुणांक आहे. दुसरी प्रणाली त्याच जोडीला वेगळा आकडा देईल. दिल्ली पोलिसांनी २०२२ मध्ये माहिती अधिकारातल्या उत्तरात ८० टक्क्यांवरचं साम्य जुळल्याचं धरतो असं कळवलं होतं. तो ८० हाही असाच गुणांक, हे वाचताना लक्षात ठेवावं.

अमेरिकेतल्या एनआयएसटी या संस्थेने डिसेंबर २०१९ मध्ये १८९ अल्गोरिदम, म्हणजे चेहरे जुळवायच्या संगणकीय पद्धती, तपासून अहवाल दिला. एकास एक तुलनेत अनेक अल्गोरिदम आशियाई आणि आफ्रिकन-अमेरिकन चेहरे गोऱ्यांच्या तुलनेत १० ते १०० पट जास्त वेळा चुकीने जुळवत होते. आशियात तयार झालेल्या काही अल्गोरिदममध्ये पूर्व आशियाई चेहऱ्यांबाबत हा फरक दिसला नाही. म्हणजे यंत्राला कुठले चेहरे दाखवून शिकवलंय यावर बरंच अवलंबून आहे. २०२० च्या जानेवारीत अमेरिकेतल्या डेट्रॉईटजवळ एका माणसाला बायको-मुलींदेखत घरासमोर बेड्या घालून नेलं. घड्याळाच्या दुकानातल्या चोरीच्या फुटेजवरून यंत्राने त्याचं नाव सुचवलं होतं. तो चोर नव्हता. यंत्राने दिलेला दुवा तपासाची सुरुवात म्हणून वापरायचा होता, तोच पुरावा म्हणून वापरला गेला.

मी यंत्राच्या विरोधात नाही. २०१८ साली प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या चाचणीत सर्वांत अचूक निकाल आला तो प्रशिक्षित परीक्षक आणि उत्तम अल्गोरिदम यांचे निर्णय एकत्र केल्यावर. दोन परीक्षकांची जोडीही त्याच्या मागे पडली. मला तीच वाट योग्य वाटते.

फुटेज क्लिअर करून द्याल का? आजकाल एआयने होतं म्हणे.

उजेड-अंधार समतोल करणं, चित्राचं ताणलेलं प्रमाण सुधारणं, सलग फ्रेम एकत्र करून दाणे कमी करणं, एवढं मी करते आणि प्रत्येक पायरी लिहून ठेवते, म्हणजे दुसऱ्या कुणी तेच केलं तर तेच चित्र मिळेल. मूळ फाईलला हात लावत नाही, काम प्रतीवर होतं.

एआयने 'स्वच्छ' केलेला चेहरा मी तपासायला घेत नाही. ते यंत्र फुटेजमध्ये नसलेली माहिती परत आणू शकत नाही. त्याने आधी पाहिलेल्या हजारो चेहऱ्यांवरून ते एक शोभेलसा चेहरा रचून देतं. २०२० साली अशाच एका प्रणालीला बराक ओबामांचा ठिपक्याठिपक्यांचा फोटो दिला, तर तिने गोरा माणूस काढून दिला. जगातला इतका परिचित चेहरा होता म्हणून ते लगेच कळलं. सांगलीच्या बाजारातल्या एखाद्या हमालाच्या बाबतीत कुणाला कळणार?

एका व्यापाऱ्याने असं केलेलं चित्र मोठं छापून दुकानाबाहेर लावलं होतं. दोन दिवसांत शेजारच्या गल्लीतल्या पोराकडे लोक बोट दाखवू लागले. मी स्वतः जाऊन ते काढायला लावलं. मूळ फुटेजमध्ये त्या चेहऱ्याला नाक-डोळे धड नव्हतेच.

दुकानात कॅमेरा कसा लावावा?

एक कॅमेरा पूर्ण दुकान बघण्यासाठी उंचावर असू द्या. पण दुसरा दारात, साधारण डोळ्यांच्या उंचीवर, आत येणाऱ्याच्या तोंडासमोर लावा. अनोळखी व्यक्तीची ओळख पटवण्यासाठी २०१४ च्या आंतरराष्ट्रीय मानकात दर मीटरला २५० पिक्सेल, म्हणजे चित्राचे ठिपके, धरले होते. म्हणजे चेहऱ्याच्या रुंदीवर साधारण ४० पिक्सेल. तुमचा कॅमेरा १९२० पिक्सेल रुंदीचा असेल, तर माणूस उभा आहे त्या अंतरावर चित्राची रुंदी साडेसात मीटरच्या, म्हणजे पंचवीस फुटांच्या आत हवी. रुंद कोनाच्या लेन्सने अख्खा चौक दिसतो खरा, पण चेहरे दाण्याएवढे होतात.

दाराकडे तोंड असलेल्या कॅमेऱ्यात दुपारी बाहेरच्या उन्हामुळे माणसं काळी पडतात, ते एकदा स्वतः आत येऊन तपासा. लेन्स पुसा. हळदीच्या, बेदाण्याच्या गोदामांत महिनाभरात काचेवर थर बसतो. आणि डीव्हीआर गल्ल्याखाली जमिनीवर ठेवू नका. २०१९ च्या महापुराचं पाणी ज्यांच्या दुकानात शिरलं त्यांना हे वेगळं सांगायला नको.

चोरी झालीय, फुटेज आहे. पहिल्या दिवशी काय करू?

डीव्हीआरची साठवण भरली की जुनं आपोआप पुसलं जातं. कुठे आठवड्यात, कुठे महिन्यात. म्हणून आजच रेकॉर्डिंग वेगळं काढून घ्या, आणि ते डीव्हीआरच्या मूळ स्वरूपात. पडद्यावर चालू असलेलं फुटेज मोबाईलने शूट करून ठेवणं ही सगळ्यांत जास्त होणारी चूक आहे. त्यात पडद्याच्या रेषा येतात, निम्मी बारीक माहिती जाते आणि मूळ फुटेज पुसलं गेल्यावर हातात तेवढंच उरतं. व्हॉट्सअॅपवर नेहमीसारखा व्हिडिओ पाठवलात तर तो पुन्हा दाबला जातो, म्हणून पोलिसांना पेनड्राइव्ह किंवा मूळ डिस्क द्या. डीव्हीआरच्या घड्याळात आणि खऱ्या वेळेत किती फरक आहे ते लिहून ठेवा, दोन्ही घड्याळांचा एक फोटो काढा.

भारतीय साक्ष अधिनियमाच्या कलम ६३ प्रमाणे इलेक्ट्रॉनिक नोंदीसोबत प्रमाणपत्र लागतं. १ जुलै २०२४ पासून त्याचे दोन भाग आहेत: एक यंत्र ज्याच्या ताब्यात आहे त्याने भरायचा, दुसरा तज्ज्ञाने. फाईलची हॅश व्हॅल्यूही लिहायची असते. ती म्हणजे फाईलवरून गणिताने काढलेला आकडे-अक्षरांचा क्रम. फाईलमधला एक कण बदलला तरी तो सगळा बदलतो. प्रमाणपत्र ही नुसती औपचारिकता समजू नका. जालन्याच्या एका निवडणूक वादात सर्वोच्च न्यायालयाने २०२० साली, तेव्हाच्या जुन्या पुरावा कायद्यातल्या कलमाखाली, मूळ यंत्रच कोर्टात हजर केलेलं नसेल तर प्रमाणपत्र लागतंच, असा निकाल दिला होता.

आणि हात जोडून सांगते, संशयिताचा फोटो ग्रुपवर फिरवू नका. तुमच्या नोकराने चोराला प्रत्यक्ष पाहिलं असेल तर त्याची ओळखपरेड व्हायची असते. त्याआधी त्याने संशयिताचा फोटो दहा वेळा मोबाईलवर पाहिला, तर परेडमध्ये तो कुणाला ओळखतोय? गल्ल्यासमोर पाहिलेल्याला की मोबाईलवरच्याला? बचावाचा वकील हाच प्रश्न विचारणार आणि त्याचं बरोबर असेल.

हेल्मेट किंवा मास्क असेल तर?

दिसतं तेवढ्यावर काम करायचं. डोळ्यांभोवतीचा भाग, भुवया, कान यावरून वगळता बऱ्याचदा येतं, पण 'तोच' या बाजूने फार पुढे जाता येत नाही. काचबंद हेल्मेट असेल तर मी तपासणीच नाकारते.

अहवालात सरळ 'हाच तो' असं का लिहीत नाही?

कारण तसं म्हणायला जो आधार लागतो तो आज कुणाकडेच नाही. सांगली जिल्ह्यात किती पुरुषांची पाळी चिकटलेली आहे, त्यांतल्या किती जणांच्या भुवया मध्ये जुळलेल्या आहेत, अशी मोजदाद झालेली नाही. ती नसताना 'लाखात एक' म्हणणं म्हणजे कोर्टाची दिशाभूल. म्हणून निष्कर्ष पायऱ्यांत देतो: आधार नाही, मर्यादित आधार, मध्यम आधार, प्रबळ आधार. दुसऱ्या बाजूलाही तशाच पायऱ्या, म्हणजे दोन वेगळ्या व्यक्ती असल्याला किती आधार. मधोमध 'काहीच सांगता येत नाही' ही पायरी असते आणि ती अनेकदा वापरावी लागते. पैसे देऊन असं उत्तर मिळालं की लोक नाराज होतात. त्यांची नाराजी मला समजते, पण उत्तर बदलत नाही.

पेशवाईत पानिपतानंतर स्वतःला सदाशिवरावभाऊ म्हणवणारा तोतया उभा राहिला होता. भाऊसाहेबांना प्रत्यक्ष पाहिलेली माणसं हयात असतानाही त्याच्यामागे लोक गेले, सैन्य जमलं. १७७६ साली त्याला देहदंड झाला. चेहऱ्याचं साम्य आणि लोकांची इच्छा एकत्र आली की काय होतं, ते मराठी माणसाला नवीन नाही. तपासातही तेच होतं. सगळ्यांनाच आरोपी सापडायला हवा असतो.

हा अहवाल कोर्टात चालतो का?

तज्ज्ञाचं मत म्हणून चालतो, साक्ष अधिनियमाच्या कलम ३९ खाली. ते कोर्टावर बंधनकारक नसतं. सरकारी प्रयोगशाळेतल्या ठरावीक तज्ज्ञांचा अहवाल साक्षीशिवायही वाचला जाऊ शकतो, माझ्यासारख्या खाजगी परीक्षकाला पिंजऱ्यात उभं राहून उलटतपास द्यावा लागतो. राज्याच्या न्यायसहायक प्रयोगशाळांचं मुख्य कार्यालय मुंबईत कलिन्याला आहे. आपल्या भागात पुण्याला आणि कोल्हापूरला प्रादेशिक प्रयोगशाळा आहेत. नमुने कुठे पाठवायचे ते तपास अधिकारी ठरवतात.

जुळ्या भावांचं काय?

एकसारख्या जुळ्यांत चेहऱ्यावरून फरक करणं साध्या फुटेजवर जवळपास अशक्य. संशयिताला जुळा किंवा तोंडावळा मिळणारा भाऊ असेल तर ते आधीच सांगा, लपवू नका.

बेपत्ता माणसाचा दहा वर्षांपूर्वीचा फोटो चालेल का?

चालेल, पण मोठ्या माणसाचा असला तर जास्त बरा. वयात आल्यावर हाडांची ठेवण फारशी बदलत नाही. वजन, केस, सुरकुत्या बदलतात. दात पडले की चेहऱ्याचा खालचा भागच बदलतो. लहान मुलाचा फोटो आणि मोठा झालेला तरुण अशी तुलना मात्र फार जपून करावी लागते. तिथे डीएनएचाच रस्ता धरा. कवटी आणि फोटो यांच्या जुळवणीचं विचारतात, तर १९६३ साली पश्चिम बंगालमधल्या एका खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने तो पुरावा ग्राह्य धरला होता. आजही ही पद्धत वापरात आहे, पण ओळख नक्की करण्याचं काम बहुतेक वेळा डीएनए करतो.

माझ्या मुलाला फक्त फुटेजमध्ये चेहरा मिळतो म्हणून नेलंय. काय करू?

घाबरून जाऊ नका आणि लगेच वकील गाठा. वकिलांमार्फत तीन गोष्टी मागा: मूळ फुटेजची प्रत हॅश व्हॅल्यूसह, ते कुठल्या तारखेला कुणी काढलं त्याचा पंचनामा, आणि मुलाचं नाव पहिल्यांदा कसं पुढे आलं त्याची माहिती. यंत्राने सुचवलं, कुणी ओळखलं की निनावी फोन आला, यावर पुढचं बरंच ठरतं. त्या दिवशी त्या वेळी तो कुठे होता याचे पुरावे आजच गोळा करा: तासवडे किंवा आनेवाडी टोलची नोंद, कारखान्यातली हजेरी, एसटीचं तिकीट, दुसऱ्या दुकानाचं फुटेज. दुसऱ्या दुकानाचंही फुटेज पुसलं जात असतं, हे विसरू नका.

मुलाला दाढी-केस बदलायला सांगू नका. त्याने संशय वाढतो आणि आमच्या कामाचंही नुकसान होतं.

तपासणीला येताना कुठले फोटो आणू?

घटनेच्या तारखेच्या जवळचे, वेगवेगळ्या कोनांतले, आठ-दहा तरी. आधार कार्डाची झेरॉक्स नको. सौंदर्य फिल्टर लावलेली सेल्फी नको, त्यात तीळ पुसले जातात आणि नाक बारीक होतं. स्टुडिओतला लग्नाचा फोटो असेल तर हाताने न उजळवलेली मूळ फाईल स्टुडिओवाल्याकडून मागून घ्या. कान नीट दिसेल असा बाजूचा फोटो कुणाकडेच नसतो. जत्रेत, बारशाला, क्रिकेटच्या मैदानावर कुणीतरी काढलेल्या फोटोत मागे कुठेतरी तो बाजूने उभा असलेला सापडतो. मोबाईल शोधा, नातेवाइकांना विचारा. फाईल मोबाईलमधून थेट पेनड्राइव्हवर घेऊन या आणि संशयित कोणता, फुटेज कशाचं, पोलिसांचं म्हणणं काय, हे मला आल्या आल्या सांगू नका. ते एका बंद पाकिटात लिहून आणा. वादातल्या चेहऱ्याचं माझं टिपण पूर्ण झालं की मी ते उघडते.